वैद्यकीय विद्यार्थ्यांची व्यावसायिक जडणघडण (पुणे)

वैद्यकीय अभ्यासक्रमाला आलेला विद्यार्थी हळूहळू डॉक्टरासारखा विचार करू लागतो, तसा वागतो आणि जबाबदारी अंगावर घेतो. या प्रक्रियेला वैद्यकीय शिक्षणशास्त्रात व्यावसायिक ओळखीची जडणघडण म्हणतात. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : माहीत असणे, कसे करायचे ते ठाऊक असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. याच क्षेत्रातले क्रूस दांपत्य व स्टाइनर्ट यांनी २०१६ मध्ये या चार पायऱ्यांवर पाचवी पायरी चढवली, ती डॉक्टर ‘असण्या’ची. परीक्षेच्या पकडीत न येणारी पायरी नेमकी हीच.

पुण्यात ही घडण होण्याचे सर्वांत जुने ठिकाण म्हणजे १८६७ मध्ये सुरू झालेले ससून रुग्णालय. त्याला जोडलेले बैरामजी जीजीभॉय (बोलीत ‘बीजे’) महाविद्यालय १९४६ पासूनचे. वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) १९४८ मध्ये स्थापन झाले. तिथे डॉक्टरकीबरोबर लष्करी शिस्तही अंगी बाणवली जाते. धनकवडी, पिंपरी, नऱ्हे येथे खासगी महाविद्यालये आहेत.

पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये (शवविच्छेदन कक्षात) देहदात्यांपुढे आदराची शपथ घेतली जाते. खरी सुरुवात मात्र वॉर्डात होते. एप्रन नवा, स्टेथोस्कोप गळ्यात आणि समोर शिरूरहून आलेली आजी. ‘त्रास कधीपासून?’ या प्रश्नाला उत्तर येते, ‘दिवाळीपास्नं.’ कसली गोळी चालू आहे? ‘पांढरी, अर्धी.’ छातीत ‘भरल्यागत’ होते, ‘गरगरतं’, हातापायाला मुंग्या येतात. यातून तारीख, औषध आणि लक्षण वेगळे काढायचे, तेही आजीला आपण चुकीचे बोललो असे वाटू न देता. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या बिगरमराठी विद्यार्थ्याची तर इथे दुहेरी परीक्षा. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे वर्ग असतात, पण कामापुरते मराठी तो बहुधा वॉर्डातल्या सिस्टर आणि मामा-मावशी म्हटल्या जाणाऱ्या मदतनिसांकडूनच शिकतो.

वॉर्डातल्या राऊंडला सर ‘केस (रुग्णाची माहिती) कोणी घेतली?’ असे विचारतात, तेव्हा मागच्या रांगेत दडणारा विद्यार्थी वर्षभराने पुढे उभा राहू लागतो. हा बदल कुठल्याही लॉगबुकात, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाच्या नोंदवहीत, नोंदला जात नाही. लॉगबुक अर्थात आहेच. २०१९ मध्ये क्षमताधारित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा) अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यासोबत वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद शिकवणारे ‘एटकॉम’ नावाचे घटकही आले. पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे ‘दत्तक’ घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्या घरी जाण्याची योजना सुरू झाली. कल्पना चांगल्या आहेत. राबवणारे अध्यापक पुरेसे असतील तर.

कारण विद्यार्थी तास ऐकून जेवढे शिकतो त्याहून जास्त पाहून शिकतो. अभ्यासक वॉर्डातल्या या शिकण्याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. संवादाच्या तासाला सहानुभूतीचे धडे गिरवायचे आणि दुपारच्या ओपीडीत रुग्णाचे वाक्य अर्धवट तोडणारा निवासी (पदव्युत्तर शिक्षण घेणारा) डॉक्टर पाहायचा, तर मनावर काय ठसणार? त्या निवासी डॉक्टरालाही दोष देववत नाही. त्याचा सलग ड्युटीचा दिवस कालच सुरू झालेला असतो. गर्दी, अपुऱ्या खाटा, नातेवाइकांचा संताप आणि वरिष्ठांचा ओरडा या साऱ्यांतूनच त्याची वागण्याची सवय घट्ट होते. उलट, मृत्यूची बातमी देण्याआधी खुर्ची ओढून नातेवाइकांशेजारी बसणारे एखादे सर दिसले, तर ती लकब त्यांचे विद्यार्थी पुढे आपोआप उचलतात.

साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची इंटर्नशिप येते. निर्णय घेण्याचा सराव इथे व्हावा ही अपेक्षा. पण पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट पीजी’ डोक्यावर असल्याने कित्येक इंटर्न वॉर्डाऐवजी अभ्यासिकेत सापडतात, आणि उरलेल्यांच्या वाट्याला रक्ताचे नमुने काढणे व रिपोर्ट आणणे येते. पर्यायी उत्तरांतून अचूक उत्तर निवडायची सवय लागलेल्या हाताला प्रत्यक्ष रुग्ण अवघड जातो, ही ज्येष्ठांची तक्रार खोटी नाही.

शासकीय महाविद्यालयाच्या पदवीधरांना त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा (प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेल्या हमीनुसार करायची सरकारी नोकरी) असते. जुन्नर किंवा भोरकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री सर्पदंशाचा रुग्ण येतो. प्रतिविष लगेच सुरू करायचे की लक्षणांवर नजर ठेवून थांबायचे, आणि पुण्याला हलवायचे झाले तर रुग्णवाहिकेत सोबत कोण जाणार, हे तिथे त्या नवख्या डॉक्टरालाच ठरवावे लागते.