अमेरिकेत टीव्हीवरची डिबेट सक्तीची असते का?

‘अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांना टीव्हीवर जनतेच्या प्रश्नांना उत्तरं देणं कायद्यानेच बंधनकारक आहे,’ असा मेसेज निवडणुका आल्या की फिरतो. दर चार वर्षांनी डिबेट दिसते, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण असा कायदा नाही.

आधी राज्यघटना बघा, ती इंटरनेटवर मोफत वाचता येते. दुसऱ्या कलमात अटी आहेत: जन्माने नागरिकत्व, वय किमान 35, देशात 14 वर्षं वास्तव्य. डिबेटचा उल्लेखही नाही.

मग सालं तपासा. 1960 मध्ये टीव्हीवर चार डिबेट झाल्या. 1964, 1968 आणि 1972 मध्ये एकही नाही, आणि त्यासाठी कुणाला शिक्षाही झाली नाही. 1980 मध्ये तर खुद्द विद्यमान अध्यक्षच पहिल्या डिबेटला आले नाहीत.

सामान्य मतदार प्रश्न विचारतात तो ‘टाउन हॉल’ प्रकार 1992 मध्ये रिचमंडला सुरू झाला. (तिथे एक उमेदवार घड्याळ बघताना कॅमेऱ्यात सापडला, ते मात्र महागात पडलं.) नियमही कायद्याने नाही, तर उमेदवारांच्या आपसातल्या करारातून ठरत आले आहेत. 2004 चा करार 32 पानी होता: मतदाराने लिहून दिलेला प्रश्न ऐनवेळी बदलला, तर त्याचा माइक बंद करायचा, इथपर्यंत!