पार्श्वभूमी : सिस्टरच्या हाती औषधाची चिठ्ठी

नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे जादा प्रशिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्या आणि औषधेही लिहिणाऱ्या परिचारिकेचा, पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुरू झाला. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हा शब्द ठळकपणे आला. त्याआधीची कितीतरी वर्षे उपकेंद्रातली एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) बाळंतपणापासून लसीकरणापर्यंत सारे निभावत होतीच.

शब्दासोबत गुंताही आला. मराठीत 'प्रॅक्टिस' करतो तो डॉक्टर, त्यामुळे हे नाव ऐकताच डॉक्टर मंडळी सावध झाली. शिवाय ते दोन वेगळ्या अभ्यासक्रमांना मिळाले: अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा, प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांचा. मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण गावातच सांभाळून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांची साखळी जोडणारी परिचारिका या दोन्हींत बसत नव्हती. ती २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून आली, 'समुदाय आरोग्य अधिकारी' या तिसऱ्याच नावाने. देशभर अशा दीड लाख आरोग्य केंद्रांचे उद्दिष्ट होते आणि प्रशिक्षण सहा महिन्यांचे. पात्रता नर्सिंगबरोबर आयुर्वेद पदवीचीही ठेवली गेली. महाराष्ट्रात बीएएमएस झालेले मोठ्या संख्येने या पदांवर आले. मुळात परिचर्येतून पुढे जाण्याची ही वाट, पण इथे ती परिचारिकांची राहिली नाही.

खरा वाद पेटला २०१९ मध्ये. नव्या वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' म्हणून मर्यादित परवान्याची सोय केली. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहायची, त्यापलीकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून जास्त नको. 'भोंदूंना मोकळे रान' म्हणत डॉक्टर रस्त्यावर उतरले. परवाना कोणाला, याबद्दल कलमात शब्द आहेत ते 'आधुनिक वैद्यकीय व्यवसायाशी संबंधित व्यक्ती' एवढेच. परिचारिकेचा उल्लेखही नाही. चार वर्षे शिकून, वॉर्डात रात्रपाळ्या काढून आलेल्या मुलीला याच संदिग्धतेमुळे भोंदूंच्या रांगेत उभे केले गेले. हा तिच्यावरचा अन्याय होता, आणि तो कायद्याच्या मसुद्यातूनच सुरू झाला.

१९४७ च्या परिचर्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. उपकेंद्रातली रीत मात्र तीच: रक्तदाबाची गोळी सुरू करायची डॉक्टरांनी, पुढे दर महिन्याला द्यायची समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या सिस्टरने. सरकारी कार्यक्रमातली औषधे परिचारिकांनी देण्यास औषध नियमांच्या परिशिष्ट 'के'मध्ये सूट आहे. ती औषध देण्याची आहे, लिहिण्याची नाही.