तारणाची खात्री आणि कायमची सुरक्षितता: वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात चर्चमधल्या उपासनेनंतर हा विषय निघाला की दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. माझं तारण, म्हणजे पापापासून सुटका, झालंय हे मला आज कळू शकतं का, हा खात्रीचा प्रश्न. झालेलं तारण पुढे जाऊ शकतं का, हा सुरक्षिततेचा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ठरत नाही.

प्राचीन चर्चमधला धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याचंच बघा. निवडलेले शेवटपर्यंत टिकतात, ते टिकणं देवाचं दान असतं, असं त्याने 429 च्या सुमारास मांडलं. पण ते दान आपल्याला मिळालंय की नाही, हे जिवंतपणी कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, असंही तो म्हणाला. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचं नेमकं उलट. 24 मे 1738 ला त्याला आपल्या तारणाची खात्री वाटली; त्या अनुभवानंतर तो आजच्या खात्रीवर भर देत राहिला, पण विश्वासणारा पडू शकतो, म्हणजे तारण गमावू शकतो, हेही त्याने सोडलं नाही. मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये, खास प्रकटीकरणाशिवाय अशी अचूक खात्री कुणाला नसते, असं ठरवून टाकलं.

कोल्हापूरचा धागा मात्र नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेवरून येतो. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 च्या निवेदनाच्या पाचव्या कलमात ‘पडू शकतो का’ हा प्रश्न अधिक अभ्यासासाठी उघडा ठेवला होता. डॉर्टच्या सभेने 1618-19 मध्ये त्यावर ‘नाही’ असं उत्तर दिलं. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने, म्हणजे प्रेस्बिटेरियन चर्च मानतात त्या श्रद्धेच्या निवेदनाने, दोन्ही प्रश्न वेगळे केले: 17 वा अध्याय टिकून राहण्याचा, 18 वा खात्रीचा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, 1870 मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि हा वारसा इथे रुजला.

18 वा अध्याय सावकाश वाचण्यासारखा आहे. खात्रीचे आधार तीन: देवाची वचनं, जीवनात दिसणारी कृपेची चिन्हं, पवित्र आत्म्याची साक्ष. ती डळमळते हेही तिथे मान्य आहे. कधी निष्काळजीपणामुळे, कधी एखाद्या विशिष्ट पापामुळे, कधी अचानक आलेल्या मोहामुळे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला बराच काळ लागू शकतो. ‘एकदा तारण, कायमचं तारण’ या घोषणेत यातलं काहीच उरत नाही. मग सभेत येशूला स्वीकारतो म्हणून हात वर केल्याची तारीख हाच पुरावा होऊन बसतो, आणि ज्याला तारीख आठवत नाही तो उगाच घाबरतो.

वाद शेवटी योहान 10:28 वर येतो, जिथे येशू म्हणतो: मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकून घेणार नाही. मूळ ग्रीकमध्ये 12 व्या वचनातल्या लांडग्यालाही हेच क्रियापद आहे. म्हणून आर्मिनियसपंथी विचारतात, हिसकणारा बाहेरचा. मेंढरू स्वतःहून निघालं तर? समोरचा ‘त्यांचा कधीही नाश होणार नाही’ या आधीच्या शब्दांवर बोट ठेवतो. त्यावर इब्री 6:4-6 उघडलं जातं, जिथे पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य म्हटलंय. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्या, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि काही मेथडिस्ट एका छताखाली आले. त्यामुळे हे दोन्ही पक्ष आता एकाच बाकावर बसलेले असू शकतात.