घेतली होती, म्हणून गोळी नाही घेतली

1986 साली दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसणार. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. देशातली ती पहिली नोंद. त्याच वर्षी 29 ऑगस्टला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. पुढे बरीच वर्षं या दोन वाटा वेगळ्याच चालल्या. एचआयव्हीचं काम 1992 पासून नॅकोकडे, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेकडे, आरोग्य खात्याच्या छत्राखाली. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान सामाजिक न्याय खात्याचं. दारूचे परवाने आणि महसूल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. तीन खाती, तीन फायली. माणूस मात्र बऱ्याचदा एकच.

सुरुवातीच्या काळात एचआयव्हीच्या कामात दारूचा विषय यायचा तो फक्त लागण होण्यापूर्वीचा. ढाब्यावर प्यायलेला ड्रायव्हर कंडोम वापरत नाही, गिऱ्हाईक पिऊन आलं की बाईचं ऐकत नाही, असा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आणि अमेरिकेतलं कनेक्टिकट विद्यापीठ यांनी मिळून पुरुषांवर जे संशोधन केलं, त्यातही दारू आणि असुरक्षित संबंध यांची सांगड पुढे आली. लागण झाल्यावर तोच माणूस पीत राहिला तर काय, हा प्रश्न मागेच राहिला. उपचारच नव्हते, तेव्हा विचारणार तरी काय?

1 एप्रिल 2004 ला सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सुरू झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी. सुरुवातीला औषधं मिळायची ती सीडी फोर या रक्तातल्या पेशी 200 च्या खाली गेलेल्यांना, म्हणजे प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्यांना. दिवसातून दोन वेळा गोळी, महिन्याचे 60 डोस, त्यातले तीन चुकले तरी समुपदेशकाच्या कपाळावर आठ्या. त्या गोळीतल्या मिश्रणात नेव्हिरापीन हे औषध असायचं आणि ते यकृताला जड. वर अनेकांना टीबी, म्हणजे त्यावरची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधं. तीही यकृतावरच भार टाकणारी. अशा माणसाला ‘दारू पूर्ण बंद’ असं सांगणं चूक नव्हतं. डॉक्टरच्या जागी कुणीही असता तर हेच बोलला असता.

पण सांगितलं एक आणि ऐकलं गेलं दुसरं. ‘दारू आणि गोळ्या एकत्र नको’ या वाक्यातून रुग्णाने आपल्या सोयीचं गणित काढलं: आज घेतली आहे, तर आज गोळी नको, उगाच रिअ‍ॅक्शन यायची. शनिवारी बसला की शनिवारची गोळी गेली. सणवार, लग्न, पगाराचा दिवस, तेही गेले. त्याच्या दृष्टीने हा निष्काळजीपणा नव्हताच, उलट काळजी होती. अमेरिकेत अटलांटात सेथ कालिचमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच टिपलं: दारू आणि औषध एकत्र घेणं विषारी असतं, या समजुतीपोटी लोक ठरवून डोस टाळतात. म्हणजे हा काही फक्त आपल्याकडचा अडाणीपणा नाही. विषाणूचं म्हणाल, तर अंगातलं औषध पुन्हा पुन्हा कमी पडणं त्याच्या पथ्यावर पडतं. त्यातूनच औषधाला दाद न देणारे प्रकार तयार होतात.

पुढे नेव्हिरापीनची जागा बऱ्याच ठिकाणी एफाविरेन्झ या दुसऱ्या औषधाने घेतली. गोळी दिवसातून एकच, पण झोपताना, कारण त्याने गरगरतं आणि विचित्र स्वप्नं पडतात. म्हणजे गोळीची वेळ नेमकी पिण्याच्या वेळेला येऊन भिडली. त्यात चारचौघांत ग्लास नाकारायची अडचण. नेहमी बसणारा गडी अचानक ‘नको’ म्हणाला की लगेच विचारणा, ‘काय रे, कसल्या गोळ्या चालू आहेत?’ आजार लपवायचा म्हणून पिणारे आणि प्यायलो म्हणून गोळी न घेणारे, असे दोन्ही एकाच माणसात सापडतात.

किती प्यायलं म्हणजे जास्त, हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले की सावध व्हायचं. ती ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत घडली. तिसरा प्रश्न असा: एका बैठकीत सहा किंवा जास्त ‘ड्रिंक’ किती वेळा होतात? एक ड्रिंक म्हणजे साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. आता आपल्याकडची 180 मिलीची क्वार्टर घ्या, 42.8 टक्क्यांची. हिशेब केला तर 60 ग्रॅमच्या वर जातो. म्हणजे ‘मॅडम, फक्त एक क्वार्टर’ म्हणणाऱ्याचे सहा ड्रिंक झालेले असतात, आणि तो प्रामाणिकपणे सांगत असतो की मी कमी पितो.

उपाय म्हणून काय चालतं, याचा एक चांगला धडा शेजारच्या गोव्यातून आला, जरी तो एचआयव्हीचा नव्हता. संगत या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले 36 टक्के, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात 26 टक्के. व्हिएतनामच्या थाय न्गुयेन प्रांतात एआरटी घेणाऱ्यांवरच असा प्रयोग झाला आणि तिथेही मोजक्या भेटींच्या समुपदेशनाने पिण्याचे दिवस कमी झाले. दोन्हीकडे दारू सोडायची शपथ घ्यायला लावली नव्हती.

दरम्यान औषधंही बदलली. 2017 पासून सीडी फोर कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू. नंतर आलेल्या डोलुटेग्राविर या नव्या औषधाच्या मिश्रणातून नेव्हिरापीन आणि एफाविरेन्झ दोन्ही गेली. ही गोळी दिवसभरात कधीही घेता येते, सकाळी चहानंतरसुद्धा. संध्याकाळी प्यायली तरी ठरलेली गोळी चुकवू नये, हा सल्ला आता डॉक्टर देतात. दहा-पंधरा वर्षं जुन्या रुग्णाला मात्र तो पटकन पटत नाही. इतकी वर्षं तुम्हीच तर नको म्हणत होतात, असं तो तोंडावर म्हणतो.