'ग्रान्मा' आणि त्याआधीची शेपटं

क्युबाच्या कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र असलेल्या 'ग्रान्मा' या दैनिकाचा पहिला अंक हवानात ४ ऑक्टोबर १९६५ रोजी निघाला. त्यासाठी दोन दैनिकं बंद झाली. 'रेवोलुसिऑन' हे बातिस्ताच्या राजवटीविरुद्ध फिडेल कॅस्ट्रोच्या लढ्याच्या काळात चोरून छापलं जायचं आणि जानेवारी १९५९मध्ये जुन्या राजवटीच्या पाठीराख्या दैनिकाच्या छापखान्यात शिरलं होतं. 'ओय' (म्हणजे 'आज') हे जुन्या कम्युनिस्टांचं १९३८पासूनचं पत्र.

विलीनीकरणाची तारीख सगळेच देतात. पण स्वतंत्र वृत्तपत्रांचा निकाल १९६०मध्येच, जुळाऱ्यांच्या (अक्षरजुळणी करणाऱ्या कामगारांच्या) खोलीत लागला होता. तिथला शब्द 'कोलेतिया', शब्दशः इवलीशी शेंडी. आपण बातमीला शेपूट जोडणं म्हणतो तसं. सरकारला न पटणाऱ्या मजकुराखाली पत्रकार आणि छपाई कामगारांच्या संघटनांचा खुलासा: वृत्तपत्रस्वातंत्र्य आहे म्हणून हे छापलं, पण त्याच स्वातंत्र्यानुसार आम्ही सांगतो की हे सत्याला धरून नाही.

लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्रावर प्रत्येक ओळ शिशाची अखंड पट्टी म्हणून ओतली जाते. त्यामुळे दहा ओळींचं शेपूट जोडायचं तर तेवढीच जागा दुसऱ्या मजकुरातून काढावी लागते, तीही पान जखडून त्याचा साचा घेण्याआधी. पानाला शेवटचा हात जुळाऱ्याचा. मालकाने शेपूट काढायला सांगितलं, तर पान जखडलंच जात नाही आणि अंक अडतो. या वादातून एका संपादकाने जानेवारी १९६०मध्येच देश सोडला.

संघटना याला उत्तराचा हक्क म्हणत, मालक सक्ती. त्या वर्षीच्या मे महिन्यात काय झालं, ते पाहिलं तर मालकांच्या म्हणण्यात वजन दिसतं. 'दियारियो दे ला मारिना' या सर्वांत जुन्या दैनिकात कर्मचाऱ्यांनीच संपादकाच्या बाजूने सह्यांचं पत्र छापायला घेतलं, तेव्हा हत्यारबंद माणसं आत शिरली आणि छपाईचं पान मोडलं गेलं. दैनिक तिथेच संपलं. दोन दिवसांनी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर त्याची लुटुपुटीची अंत्ययात्रा निघाली.

'ग्रान्मा' हे नाव बोटीचं. १९५६मध्ये कॅस्ट्रोसह ८२ बंडखोरांना मेक्सिकोहून क्युबात आणणारी ती जुनी बोट आधी एका अमेरिकनाची होती आणि 'ग्रान्मा' म्हणजे आज्जी. १९७६मध्ये बोट जिथे लागली त्या प्रांतालाही हेच नाव मिळालं, म्हणून जुनी कात्रणं चाळताना बोट, पत्र की प्रांत हे आधी पाहावं लागतं.

पुढे कागद सोव्हिएत संघातून यायचा. १९९०मध्ये तो आटला, तेव्हा तरुणांचं आणि कामगारांचं अशी दोन्ही दैनिकं साप्ताहिक झाली. देशभरात निघणारं रोजचं पत्र म्हणून 'ग्रान्मा' तेवढं उरलं, तेही कमी पानांचं.