'हायब्रीड' विदर्भात कसं रुळलं

अकोला-यवतमाळकडच्या खेड्यात एखादा म्हातारा 'आजकालचे पोट्टे हायब्रीट हायेत' म्हणतो, तेव्हा तो कुणाच्या आईबापावर घसरत नसतो. दिसायला टवटवीत, पण वावरात तासभर डवरा धरला की धापा टाकणारे, एवढंच त्याला म्हणायचं असतं. इंग्रजी शब्दकोशात या विशेषणाचा अर्थ 'दोन भिन्न जातींपासून निपजलेला' असा आहे. त्यात अशक्तपणा कुठेच नाही. उलट संकरातून येणाऱ्या जोमासाठी जॉर्ज शल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1914 साली 'हेटेरोसिस' ही संज्ञा दिली आणि मक्याच्या संकरित बियाण्याने पुढे तिकडची शेतीच बदलली. मग शास्त्रात जोमदार असलेला शब्द वऱ्हाडात लेचापेचा कसा झाला?

उत्तर ज्वारीत आहे. 'सीएसएच-1' हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण 1964 साली आला. त्याचा मादी वाण अमेरिकेतून आणलेला होता. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. धान्याची टंचाई होती आणि नाईकांनी हायब्रीड ज्वारीचा प्रचार मनापासून केला. खत-पाणी मिळालं तर उतारा जुन्या ज्वारीच्या कितीतरी पट यायचा. ज्या घरात पावसाळ्यात कणगी रिकामी पडायची, तिथे हे बियाणं काय होतं ते नावं ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

पण गावरानी ज्वारी उंच वाढायची, दिवस लहान होऊ लागल्यावर निसवायची आणि पाऊस ओसरल्यावर कोरड्या हवेत दाणा भरायची. हायब्रीड बुटकी आणि हळवी. साधारण शंभर दिवसांत ती तयार व्हायची, म्हणजे नेमकी परतीच्या पावसात. कणसं भिजायची, दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडायचा आणि बाजारात भाव पडायचा. खोडमाशीचा त्रास वेगळाच. कडबा आखूड निघाल्यामुळे बैलांच्या वैरणीची ओढाताण व्हायची. भाकरीला ती जुनी गोडी नाही, अशी बायकांची तक्रार होती. शिवाय घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पहिला जोम टिकत नाही, म्हणून दर हंगामाला पिशवी विकत घेणं आलं. भरघोस पण बेचव, देखणं पण पुढे न टिकणारं, हा सगळा अनुभव त्या एका विशेषणात जाऊन बसला. 'गावरानी' हा त्याचा विरुद्धार्थी शब्दही तेव्हापासून जास्त वजनदार झाला.

सरकारी पत्रकांत 'संकरित' हा शब्द होताच, पण लोकांनी उचलला इंग्रजीच. मला वाटतं, गीतेतल्या 'वर्णसंकरा'मुळे 'संकर' शब्दाला आधीच वास लागलेला होता, हेही त्यामागे असावं. गुजरातेत तर कापसाच्या 'संकर'चं सरळ 'शंकर' होऊन गेलं. गंमत अशी की 'हायब्रीड'चा मूळ लॅटिन शब्दही काही सोवळा नव्हता. पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलाला तो लावत, नंतर रोमन बाप आणि परकी आई यांच्या लेकरालाही. इंग्रजीत तो 17व्या शतकात आला, तरी नीट रुळला 19व्या शतकात, वनस्पतींच्या संकराचे प्रयोग वाढले तेव्हा.

कापसाने मात्र हे विशेषण बदनाम केलं नाही. सुरतेच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी काढलेला 'एच-4' 1970 साली आला. व्यापारी लागवडीचा जगातला हा पहिला संकरित कापूस. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही आपले संकरित वाण दिले. कापूस खायचा नसतो, त्यामुळे चवीचा प्रश्नच नव्हता. 2002 मध्ये बोंडअळीला तोंड देणारं, जनुक बदललेलं बीटी आलं तेही आपल्याकडे बहुतेक सगळं संकरित बियाण्यातूनच, पण कृषी केंद्रावर लोक मागतात 'बीटी'. हायब्रीड हा शब्द तिथे गळूनच पडला.

भाजीबाजारात तो अजून जिवंत आहे. हायब्रीड टमाटर प्रवासात दबत नाही, म्हणून व्यापाऱ्याला तोच हवा. घरच्या भाजीला गावरानी. आता पुण्याला नोकरीला असलेली नात 'आमचं काम हायब्रीड झालं' असं फोनवर सांगते, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न पगार कमी झाला का, हाच असतो.