गुडघा-सांधेरोपणाचा निर्णय

झिजलेल्या गुडघ्यावर कृत्रिम सांधा बसवून घ्यावा की नाही, आणि घ्यायचा तर केव्हा, हे रुग्णाने शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याने ठरवण्याची प्रक्रिया, तसेच त्यासाठी वापरली जाणारी साधने. वृत्तपत्रांत ‘गुडघा प्रत्यारोपण’ हा शब्द रूढ असला, तरी प्रत्यारोपणात दात्याचा अवयव अभिप्रेत असतो. येथे मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे व पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचे भाग बसवले जातात. म्हणून ‘सांधेरोपण’ हा शब्द अधिक नेमका आहे. ही शस्त्रक्रिया बहुधा अस्थिसंधिवातासाठी, म्हणजे सांध्याच्या झिजेतून होणाऱ्या संधिवातासाठी, केली जाते. ती लांबवल्याने जिवाला धोका नसतो, त्यामुळे निर्णयात रुग्णाच्या स्वतःच्या पसंतीला इतर अनेक शस्त्रक्रियांपेक्षा अधिक वाव राहतो.

रुग्ण व वैद्य यांनी मिळून निर्णय घेण्याच्या कल्पनेचा उगम दोन ठिकाणी दाखवला जातो. नीतिशास्त्राचे अभ्यासक तो रॉबर्ट व्हीच यांच्या १९७२ मधील लेखात पाहतात; त्यात वैद्य-रुग्ण संबंधाच्या प्रारूपांची चर्चा करताना निर्णयातील सहभागाचा विचार मांडला आहे. पुढे १९८२ मध्ये वैद्यकीय नीतिविषयक अमेरिकी राष्ट्राध्यक्षीय आयोगाच्या अहवालाने त्याला अधिकृत प्रतिष्ठा दिली. दुसरी परंपरा आकडेवारीची आहे. जॉन वेनबर्ग व ॲलन गिटेल्सन यांनी १९७३ मध्ये व्हरमाँट राज्यातील शेजारशेजारच्या भागांत त्याच शस्त्रक्रियांचे प्रमाण कमालीचे भिन्न असल्याचे दाखवले. आजारात फरक नसताना शस्त्रक्रियांत इतका फरक पडतो, याचा अर्थ निर्णय वैद्यांच्या सवयीवर ठरतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. रुग्णाला पर्याय व त्यांचे परिणाम समजावणारी, ‘निर्णयसाहाय्य’ म्हणून ओळखली जाणारी पत्रके व चित्रफिती याच दुसऱ्या धाग्यातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस, प्रथम प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारांसाठी तयार झाल्या. त्यामुळे कल्पनेचे श्रेय पहिल्या परंपरेला दिले, तरी प्रत्यक्ष साधनांचा उगम दुसरीत मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे क्ष-किरण चित्र. ‘गॅप संपला’, ‘वंगण संपले’, ‘हाडावर हाड घासते’ ही वाक्ये त्यावरूनच येतात. वस्तुतः ‘गॅप’ ही पोकळी नव्हे. क्ष-किरणांत न दिसणारी कूर्चा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण) ती जागा व्यापून असते, आणि कूर्चा झिजली की दोन हाडे जवळ आलेली दिसतात. रुग्णाला झोपवून घेतलेल्या चित्रात भार नसल्याने हे अंतर फसवे दिसू शकते, म्हणून उभे राहून घेतलेले चित्रच ग्राह्य धरतात. केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली ० ते ४ ही श्रेणी अद्याप वापरात आहे : दुसऱ्या श्रेणीत हाडाला निश्चित काटे फुटलेले असतात, तिसरीत अंतर निश्चितपणे घटलेले असते, तर चौथीत ते जवळजवळ नाहीसे होऊन हाडाची कडा दाट व आकार विद्रूप होतो. तथापि श्रेणी आणि वेदना यांचा मेळ सैल असतो. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज बाजारहाट करणारे लोक आढळतात, आणि दुसऱ्या श्रेणीत जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरणारेही. केवळ चित्र दिव्याकडे धरून दिलेला सल्ला त्यामुळे अपुरा ठरतो.

वेदना व हालचाल मोजण्यासाठी १९९८ ची ऑक्सफर्ड गुडघा-प्रश्नावली बरीच प्रचलित आहे. तिच्या बारा प्रश्नांत जिना उतरणे, खरेदी, जेवणाच्या खुर्चीवरून उठणे, गुडघे टेकून पुन्हा उभे राहणे हे आहे. मांडी घालणे व उकिडवे बसणे नाही. आपल्याकडे पाटावर बसणे, देवघरापुढे बसणे, भारतीय पद्धतीचा संडास वापरणे यांवर निर्णय अडतो. उकिडवे बसण्यास गुडघा साधारण १३० अंशांहून अधिक वाकावा लागतो, तर रोपणानंतर बहुतेकांचा ११० ते १२५ अंशांच्या आसपास वाकतो. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकतो यावर नंतरचे वाकणे बरेचसे अवलंबून असते. त्यामुळे वेदना जाईल, परंतु मांडी बहुधा परत येणार नाही, आणि घरात कमोड लागेल, ही गोष्ट आधीच सांगणे आवश्यक असते.

चांगल्या निर्णयसाहाय्यात पानावर शंभर माणसांच्या छोट्या आकृत्या असतात आणि त्यांपैकी साधारण वीस वेगळ्या रंगात : रोपणानंतर पाचांपैकी सुमारे एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश चाचणीत १०० रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया व व्यायामादी उपचार, तर उरलेल्यांवर केवळ व्यायाम, आहारसल्ला, वेदनाशामके व बुटातील आधारतळ असे उपचार झाले. वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया गटाची सुधारणा जवळजवळ दुप्पट होती; मात्र गंभीर दुष्परिणामही त्याच गटात अधिक होते, आणि दुसऱ्या गटातील सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली नाही. वयही महत्त्वाचे आहे. ब्रिटिश नोंदींनुसार सत्तरीनंतर रोपण केलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना आयुष्यात पुनर्शस्त्रक्रिया लागते, पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत हा धोका ३५ टक्क्यांपर्यंत जातो.

वॉशिंग्टन राज्यातील एका आरोग्यसंस्थेत निर्णयसाहाय्ये लागू केल्यावर गुडघा-रोपणांचे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा केवळ आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करणारा अभ्यास असल्याने त्यावर फार भार टाकू नये. शिवाय घट हेच उद्दिष्ट मानणे चूक आहे, कारण त्रास असूनही मागे राहणारे रुग्णही असतात : कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातील २००१ च्या पाहणीत तीव्र संधिवात असूनही शस्त्रक्रियेस निश्चितपणे तयार असणारे रुग्ण १५ टक्क्यांहून अधिक नव्हते.

भारतात संमतीचा कायदेशीर आधार समीरा कोहली खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निवाडा हा आहे. तो स्त्रीरोगविषयक असला, तरी उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती देण्याचे त्याचे तत्त्व सर्व शस्त्रक्रियांना लागू पडते. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यास मूळ आदेशात करांशिवाय ५४,७२० रुपये ठरले. खोलीचे भाडे व शल्यचिकित्सकाचे मानधन या मर्यादेबाहेर राहिले.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत की अंतराने, हा उपप्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. एकत्र केल्यास भूल व रुग्णालयातील मुक्काम एकदाच लागतो, परंतु हृदय व फुप्फुसांवरील ताण वाढतो. अंतराने केल्याचे उदाहरण म्हणजे तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी : त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात चित्तरंजन राणावत यांनी बदलला.